मंगळवारचं पहिलं वाचन

पहाटे साडेपाचला आमच्या घरी फोन वाजला तर दोनच शक्यता असायच्या: कोणीतरी गेलं, किंवा शांताबाई. बहुतेक वेळा शांताबाई.

"शांताबाई बोलतेय. आज एकोणतीस जुलै, संत मार्था. तुमचा सण. शुभवर्तमान तुमच्याच घरातलं आहे, उशीर करू नका. ठेवते."

मी "थँक्यू बाई" म्हणेपर्यंत फोन बंद झालेला असायचा. बाईंची चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली होती, ट्रंक एक्स्चेंजवर परगावचे फोन जोडण्यात. तीन मिनिटांत माणसाला जे सांगता येत नाही ते सांगण्यासारखंच नसतं, असं त्यांचं मत. डाव्या कानावर त्यांचे केस विरळ होते. हेडसेटच्या पट्टीने खाल्ले, म्हणायच्या. लहानमोठ्या सगळ्यांना "अहो" म्हणायच्या, कारण ऑपरेटरने कोणालाही अगं-तुगं करायचं नसतं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी.

मी पहिल्यांदा त्यांना भेटले ती आमच्या चर्चच्या दारात. नाना पेठेत राहायला येऊन मला आठवडा झाला होता.

"नाव काय?"

"सुनीता."

"ते शाळेत घातलेलं. बाप्तिस्म्याचं?"

मला क्षणभर आठवावं लागलं. आमच्या घरात ते नाव फक्त दाखल्यावर होतं. "मार्था."

बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. माझ्या एका हातात स्कूटरची किल्ली, दुसऱ्या हातात डबा, खांद्याला पर्स, तोंडात छत्रीची दोरी. "शोभतं," म्हणाल्या.

शुभवर्तमानातली, म्हणजे येशूच्या चरित्रातली, मार्था म्हणजे घरी प्रभू आलेला असताना स्वयंपाकघरात धावपळ करत बसलेली बाई. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी मार्थाच राहिले. त्यांचं स्वतःचं नाव स्कोलास्टिका होतं. ते म्हणायला आम्हाला जड जायचं म्हणून आम्ही शांताबाई म्हणायचो, आणि त्या दर वेळी "चालेल" म्हणायच्या, म्हणजे चालत नाही असं. त्यांच्या संताची गोष्ट त्या एकाच दमात सांगत: स्कोलास्टिकाचा भाऊ भेटायला आला, संध्याकाळी घाईने निघाला. ती थांब म्हणाली, तो थांबेना. तिने मान खाली घालून प्रार्थना केली आणि असं वादळ आलं, की भावाला रात्रभर हलता आलं नाही. "घाईत असलेल्या माणसाला थांबवणं हे मोठं काम आहे," असं म्हणून त्या माझ्या घड्याळाकडे बघायच्या.

घाई मला होती, हे खरं आहे. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत वाहतुकीचं काम बघते. कुठली बस, कुठला ड्रायव्हर, कोण कुठल्या थांब्यावर चढणार, याच्या याद्या करते. सव्वासहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली रोजची उपासना, पावणेसातला संपते, सात दहाला पूलगेटहून कंपनीची बस. मधली पंचवीस मिनिटं कशी जातात ते मला सेकंदावर माहीत आहे. याद्या करणारी बाई आहे म्हटल्यावर फादरांनी चर्चचीही एक यादी माझ्या गळ्यात घातली: रोजच्या मराठी मिस्सेला वाचन कोण करणार त्याची. मंगळवार शांताबाईंचा. तो माझ्या आधीपासूनचा होता.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे वर्षाच्या प्रत्येक दिवसाची वाचनं ठरलेली असतात. बहुतेक दिवसांना एखादा संतही असतो. साध्या वारांना पहिलं वाचन एक वर्ष एक, पुढच्या वर्षी दुसरं, मग परत पहिलं. जाडजूड ग्रंथात दोन्ही एकामागे एक छापलेली असतात, वर लिहिलेलं असतं 'वर्ष पहिलं', 'वर्ष दुसरं'. ज्याचं वाचन असेल त्याने आदल्या संध्याकाळी ग्रंथ उघडून योग्य पानावर लाल फीत ठेवायची, असा बाईंचा नियम. आणि घरी ते तीन वेळा मोठ्याने वाचून यायचं. "पहिल्यांदा अक्षरं कळतात, दुसऱ्यांदा अर्थ कळतो, तिसऱ्यांदा आपल्याला काही कळलेलं नाही हे कळतं. मग वाचावं."

नवीन वाचकांना त्याच तयार करायच्या. कुणाल नावाचा एक मुलगा आमच्याच हिंजवडीत कामाला, बाप्तिस्म्याचं नाव लॉरेन्स. तो पहिल्या दिवशी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवून पोडियमवर चढला. बाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या, "पट्टा काढा. मालक इथे वेगळा आहे."

ऑगस्टमध्ये तोच कुणाल कुरकुरला. "आंटी, फॅन बंद आहे, खूप हीट होतंय, फोकसच नाही होत."

"तुमचा सण कधी असतो, लॉरेन्स?"

"दहा ऑगस्ट. तुम्हीच तर सांगितलं."

"तुमच्या संताला जाळीवर भाजलं. तो म्हणाला, ही बाजू झाली, आता उलटा. आणि तुम्हाला पंखा पाहिजे."

कुणाल अजून वाचतो. चांगलं वाचतो. पंख्याबद्दल बोलत नाही.

एखाद्या संताचा सण रविवारी आला की त्या वर्षी तो पाळत नाहीत, रविवार मोठा. बाई मग त्या नावाच्या माणसांना मुद्दाम फोन करून कळवायच्या, "यंदा तुमचा सण रविवारी आला, म्हणजे गेला. आमच्या खात्यात बदली रजा तरी मिळायची." कोणी म्हणालं, "बाई, आमच्या आईसाठी प्रार्थना करा," तर त्या एवढंच म्हणत, "थांबा, जोडते." आणि खरोखर थांबायला लावत. फोनवर आपण कान लावून उभे, पलीकडे पूर्ण शांतता, मग अर्ध्या मिनिटाने, "झालं. ठेवते."

ज्याचा सण त्याला फोन असायचाच, पण त्याखेरीज रोज पहाटे त्या ठरावीक सात जणांना फोन करत. दिवसाचा संत कोण आणि वाचनातली एक ओळ. हे सात जण कोण, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं आजारी माणसं असतील. एकदा घोरपडीला थॉमसकाकांकडे गेले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे, दृष्टी गेलेली. त्यांनीच सांगितलं.

"मी बुधवारचा वाचक होतो. एकवीस वर्षं. डोळ्यांनी दगा दिला, एक ओळ गाळली. शांताने त्याच दिवशी यादीतून माझं नाव खोडलं. विचारलंसुद्धा नाही."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना! वर्षभर बोललो नाही तिच्याशी. तिला काय फरक? दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला फोन. मी उचलायचो, काही बोलायचो नाही. ती आपलं वाचून ठेवून द्यायची. वर्षाने मी म्हटलं, 'शांता, जरा हळू वाच.' तेव्हापासून बोलतो."

ते सातही जण असेच होते. सगळे जुने वाचक, बाईंनी खोडलेले.

मी परत येऊन बाईंना म्हटलं, "जरा कठोर नाही का हे?"

"प्रभूचा शब्द आहे, मार्था. पाव किलो वांगी नाहीत, की एखादं किडकं आलं तरी चालेल." मग म्हणाल्या, "माझ्यावरही तोच नियम. ज्या दिवशी मी चुकेन त्या दिवशी तुम्ही माझं नाव खोडायचं. माझी तब्येत विचारत बसायचं नाही, फादरांना विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तेव्हा सोपं होतं.

गेल्या वर्षी जूनच्या एकोणतीसला पहाटे फोन आला. "शांताबाई बोलतेय. आज एकोणतीस, संत मार्था. तुमचा सण."

मी अंथरुणात उठून बसले. एकोणतीस जून हा संत पेत्र आणि संत पौल यांचा दिवस. आमच्याकडे त्या दोघांपेक्षा मोठी माणसं शोधावी लागतील. ते बाईंच्या नजरेतून सुटावेत, हे म्हणजे पुणेकराला दुपारी एक ते चारची वेळ आठवू नये असं.

"थँक्यू बाई," मी म्हटलं.

जुलैच्या एकोणतीसला फोन पुन्हा आला, अगदी नेहमीसारखा. मी सगळं वहीत लिहिते: गॅस कधी लावला, बसची सर्व्हिसिंग कधी. जूनचा फोन मी लिहिला नाही.

जानेवारीत नाताळचा काळ संपला, साधे वार सुरू झाले, आणि नवीन वर्षाप्रमाणे वाचनं बदलली. त्या पहिल्या मंगळवारी मी चर्चमध्ये दहा मिनिटं लवकर पोहोचले, मेणबत्त्या द्यायच्या होत्या. सहज ग्रंथ उघडून पाहिला. फीत गेल्या वर्षीच्या पानावर होती. इब्री लोकांस पत्र. यंदा पाहिजे होतं शमुवेलचं पुस्तक, हन्नाची गोष्ट.

घड्याळात सहा पाच. बाई अजून आल्या नव्हत्या. मला बाईंना दिलेलं वचन आठवत होतं. त्यांना सांगायचं, किंवा चूक होऊ द्यायची आणि मग नाव खोडायचं, या दोन्हींपैकी एक करायला हवं होतं. मी तिसरंच केलं. फीत उचलून हन्नाच्या पानावर ठेवली आणि जाऊन पाचव्या बाकावर बसले.

बाई आल्या, पोडियमवर गेल्या, ग्रंथ उघडला. क्षणभर पानाकडे पाहत राहिल्या. मग वाचलं. मूल नसलेली हन्ना मंदिरात प्रार्थना करते, नुसते ओठ हलतात, आवाज येत नाही, आणि म्हाताऱ्या याजकाला वाटतं ही दारू प्यालेली आहे. इतकं चांगलं वाचन मी त्यांच्याकडूनही कधी ऐकलं नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं, एवढ्याचसाठी काय नाव खोडायचं.

त्यानंतर माझी झोप गेली. सोमवारची रात्र आली की गजर लागण्याआधीच जाग यायची. पुढच्या मंगळवारी सहाला पाच कमी असताना पोहोचले, फीत पुन्हा मागच्या वर्षात. हलवली. त्याच्या पुढच्या मंगळवारी पावणेसहाला पोहोचले. हलवली. ऑफिसात ड्रायव्हरांच्या यादीत एकाच माणसाला दोन बस दिल्या. असं माझ्याकडून कधी होत नाही. मिस्सेत बसायचे ते कान टवकारून, आज पान बरोबर आहे पण ओळ चुकली तर? सण, संत, प्रार्थना काहीच डोक्यात शिरेना. मी चर्चमध्ये पहारा देत होते.

तिसऱ्या मंगळवारी मिस्सा संपल्यावर बाईंनी मला वेदीमागच्या खोलीत बोलावलं. ग्रंथ टेबलावर होता. घड्याळात सहा पन्नास.

"यादी आणलीत?"

"पर्समध्ये आहे. का?"

"माझं नाव खोडा."

"बाई, तुम्ही आज कुठे चुकलात? एक अक्षर नाही..."

"मार्था," त्या म्हणाल्या, "पहिल्या मंगळवारी मी घरून इब्री लोकांस पत्र तीनदा वाचून आले होते. ग्रंथ उघडला तर समोर हन्ना. तेव्हाच कळलं, मी चुकले आणि कोणीतरी जोडून दिलं. असं पहाटे येऊन गुपचूप काम करणारं या चर्चमध्ये एकच माणूस आहे."

मी टेबलावरच्या ग्रंथाकडे पाहिलं.

"दुसऱ्या मंगळवारी फीत मुद्दाम चुकीच्या पानावर ठेवली. म्हटलं, आज सांगेल. नाही सांगितलं. आमच्या एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर मधूनच लाइनवर येऊन ऐकायच्या, ऑपरेटरला पत्ता नसायचा. तशी मी तुमच्या लाइनवर बसले होते."

"आणि आज? आजही मुद्दामच ठेवलीत ना?"

त्यांनी फितीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. इतक्या वर्षांत त्यांचे हात असे कधी पाहिले नव्हते.

"तेच आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मुद्दाम ठेवली की चुकून, रात्रभर आठवतेय. म्हणून बोलावलं."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटतंय. पण थॉमसला वाटलं नव्हतं का? त्या सातांच्या वेळी माझा हात कापला नाही. माझ्या वेळी तुमचा कापला, आणि तुम्ही त्याला माया म्हणता. मी तुम्हाला पारखून घेतलं होतं, मार्था. यादीवाली आहे, खोडेल म्हणून." मग नेहमीच्या आवाजात, "चला, पेन काढा. पट्टी लावून खोडा. वेडंवाकडं नको."

मी पट्टी लावून खोडलं. त्या बघत उभ्या होत्या. मंगळवारसमोर माझं नाव त्यांनीच लिहायला लावलं.

"आता ते सात नंबर लिहून घ्या. उद्यापासून तुम्ही."

सातही नंबर त्यांनी कागदाशिवाय सांगितले, न अडखळता, मोबाइलचे, लँडलाइनचे, प्रत्येकाचा सण कधी तेसुद्धा. मी लिहीत होते. शेवटचा आकडा सांगून झाल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "आज वार कोणता हो?"

त्या दिवशी माझी बस चुकली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पहिला फोन थॉमसकाकांना केला. संताचं नाव सांगितलं, ओळ वाचली.

"शांता कुठंय?"

"काका, बाईंनी आता..."

"खोडलं तिला?"

"हो."

"कोणी?"

"मी."

"बरं केलंस," ते म्हणाले. आणि मग, "तिला फोन करतेस ना रोज?"

"करते," मी म्हटलं. तोपर्यंत केला नव्हता. तो ठेवला आणि लगेच केला. यादी आठ जणांची झाली.

पुढच्या मंगळवारी संत ब्लेझचा दिवस होता. त्या दिवशी फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून प्रत्येकाच्या गळ्याला आशीर्वाद देतात, गळ्याचे आजार होऊ नयेत म्हणून. बाई रांगेत माझ्या पुढे होत्या. फादरांनी मेणबत्त्या गळ्याशी नेल्या तेव्हा त्या हळूच, पण मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "फादर, गळा शाबूत आहे. जरा वर धरा."

फादरांनी मेणबत्त्या खरंच थोड्या वर धरल्या.

त्याच्या पुढच्या मंगळवारी दहा फेब्रुवारी. मी साडेपाचला फोन केला.

"बाई, आज संत स्कोलास्टिका. तुमचा सण."

"कोण बोलतंय?"

"मार्था."

"एकोणतीस जुलै," त्या ताबडतोब म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मिस्सेला त्या आल्या. नाशिकची भाची त्यांना कायमचं न्यायला आली होती. दुपारची गाडी होती. दोघी पहिल्या बाकावर बसल्या. बाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची.

माझं वाचन शलमोन राजाचं होतं. तो नवीन मंदिरात उभा राहून हात पसरतो आणि म्हणतो, स्वर्गात तुला जागा पुरत नाही, मग मी बांधलेल्या या घरात कशी पुरेल. तरी आम्ही इथून हाक मारू ती ऐक. मी घरी तीनदा वाचून आले होते. मध्येच मान वर केली, तर बाईंचे ओठ हलत होते. माझ्याबरोबर नाही. माझं वाक्य संपलं तरी त्यांचं चालू, मी पुढचं सुरू केलं तेव्हा त्या थांबलेल्या. दोन ओळी मी वाचत वाचत त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि ओळखलं. जलचर, पक्षी, त्यांच्या त्यांच्या जातीप्रमाणे. उत्पत्तीचं पुस्तक, देवाने सात दिवसांत जग घडवल्याची गोष्ट. गेल्या वर्षी याच मंगळवारी हेच वाचन होतं, ते त्यांनीच केलं होतं. आवाज नव्हता, नुसते ओठ, पण एक शब्द गळत नव्हता.

माझं वाचन छोटं. ते संपलं. आता मी 'हा प्रभूचा शब्द' म्हणायचं, लोकांनी 'देवाला धन्यवाद' म्हणायचं आणि मी खाली उतरायचं. बाई अजून जनावरांपाशी होत्या. माणूस घडायचा होता, त्यानंतर सातवा दिवस.

समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. मी काही बोलले नाही. ग्रंथावर हात ठेवून उभी राहिले. मागे कोणी खोकलं. कुणालने मान वर करून पाहिलं. फादरांनी खुर्चीतून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नजरेच्या दिशेने पहिल्या बाकाकडे, आणि पुन्हा डोळे मिटले. चर्चमध्ये रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता. देवाने आपलं काम संपवलं, सातव्या दिवशी विसावा घेतला. बाईंचे ओठ थांबले.

"हा प्रभूचा शब्द," मी म्हटलं.

"देवाला धन्यवाद." सगळ्यांत मोठा आवाज पहिल्या बाकावरचा होता.

बाहेर रिक्षा उभी होती. भाचीने त्यांना आत बसवलं, पदर सावरला, पिशवी पायाशी ठेवली. मी जवळ गेले. त्यांनी मला ओळखलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी वाकून माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"वाचन बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण शेवटी फार थांबलात. लोकांना वाटतं, लाइन कटली."

रिक्षा निघाली.